जूनची किल्ली, मार्चची सही

१

जिना कोसळला तो भर सकाळी, माणसं कामाला निघायच्या वेळी. त्याखाली दोघं सापडली. तिसऱ्या मजल्यावरची एक शिक्षिका, आणि तिची जड पिशवी गाडीपर्यंत पोचवायला उतरलेले तिचे सासरे.

इमारत दुरुस्त होऊन, रंग लागून, माणसं परत राहायला आल्याला जेमतेम दोन महिने झाले होते. ती सुरक्षित असल्याचा दाखला नगरपालिकेत रीतसर जमा होता. दाखल्यावर एका इंजिनियरची डिजिटल सही होती आणि तो इंजिनियर जुलैमध्येच वारला होता. बिल्डरने दाखल्याकडे बोट दाखवलं, नगरपालिकेने सहीकडे. मेलेल्या माणसावर खापर फोडणं सगळ्यांनाच सोयीचं असतं, तो उलटून बोलत नाही.

त्याची मुलगी माझ्याकडे आली तेव्हा मी नेमकी दुसऱ्या एका सहीवर वाकले होते. मी सह्या तपासते. खऱ्या कोणत्या, खोट्या कोणत्या ते सांगते. कोर्टातले लोक मला पाठीमागे भिंगबाई म्हणतात, आणि आपल्याला ते माहीत नाही असं मी दाखवते.

मुलगी जनावरांची डॉक्टर होती. हातभर ओरखडे होते. खुर्चीवर बसायच्या आधीच तिने लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला.

"ताई, ही सही बाबांची नाही."

"कशावरून?"

"त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं. जेवताना. म्हणाले, त्या इमारतीच्या जिन्याखालचे खांब पोकळ आहेत, बिल्डरने नुसता गिलावा मारलाय, मी मेलो तरी सही करणार नाही." तिने लॅपटॉप आणखी माझ्याकडे सरकवला. "आता लोक आमच्या दारावरून जाताना खुनी म्हणून ओरडतात. आई खिडकी उघडत नाही. चौकशी समिती बसली आहे. बाबा दोषी ठरले की झालं, मग आयुष्यभर तेच."

मी पडद्याकडे पाहिलं. माझ्या भिंगाला तिथे काही कामच नव्हतं. शाईच्या सहीत माणूस सापडतो. हात थरथरलेला कळतो, घाई कळते, शेवटचा फाटा ओढताना मनात काय होतं तेसुद्धा कधीकधी कळतं. इथे एका चौकटीत छापील नाव, मार्चमधली तारीख, दुपारी दीडची वेळ आणि शेजारी हिरवी खूण. खूण म्हणत होती, सही वैध आहे, सही झाल्यावर मजकुरात काना-मात्रेचाही बदल नाही. मी उलटसुलट सगळं तपासून पाहिलं, आणि मला तिच्या तोंडावर खरं सांगावं लागलं.

"डॉक्टर, सही तुझ्या बाबांचीच आहे."

२

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि दाखला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.

मी तिला समजावायचा प्रयत्न केला. डिजिटल सही म्हणजे हाताची सही नाहीच. ती एका टोकनमध्ये असते, पेन ड्राइव्हसारखं दिसणारं. त्यात माणसाच्या नावाचं सर्टिफिकेट असतं. सरकारमान्य एजन्सी माणूस खरा आहे याची खात्री करून ते देते, ठरावीक मुदतीपुरतं. टोकन कॉम्प्युटरला लावायचं, पिन घालायचा, सही होते. ती किल्ली कुणाच्या हातात होती हे सहीला कळत नाही. किल्ली खरी असली की कुलूप उघडतं.

"टोकन माझ्याकडेच आहे," ती म्हणाली आणि पर्समधून ते काढलं. "बाबा कायम जवळ बाळगायचे. मे महिन्यात त्यांना झटका आला तेव्हा शर्टाच्या खिशात होतं. हॉस्पिटलने कपड्यांबरोबर माझ्या हातात दिलं. पिन फक्त त्यांना माहीत."

म्हणजे आणखीच पंचाईत. मार्चमध्ये माणूस ठणठणीत होता, टोकन त्याच्या खिशात होतं, पिन त्याच्या डोक्यात होता, आणि सही मार्चची. समितीला याहून जास्त काय हवं? मी मनातल्या मनात हात टेकले होते. केवळ ती समोर बसली होती आणि तिला लगेच उठवणं जिवावर आलं होतं, म्हणून मी ते टोकन माझ्या मशीनला लावलं. पिन नसला तरी आतलं सर्टिफिकेट वाचता येतं. मुदत जूनमध्ये संपलेली होती.

मग दाखल्यावरच्या सहीवर क्लिक करून तिच्या पोटात शिरले. तिथेही सर्टिफिकेट असतं, पण हिरवी खूण दिसली की पुढे बघायचे कष्ट कुणी घेत नाही. नाव तेच. एजन्सी तीच. क्रमांक मात्र वेगळा.

"तुझ्या बाबांकडे दोन टोकन होती?"

"छे. एकच."

मी मुदत पाहिली. पुन्हा पाहिली. चष्मा पुसून पाहिली.

दाखल्यावर सही करणारं सर्टिफिकेट जूनमध्ये तयार झालं होतं. सही होती मार्चची.

३

आता हिरव्या खुणेचा खुलासा करते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल सॉफ्टवेअर झोपलं होतं. झोपलं नव्हतं, त्याला सांगितलं तेवढंच ते करत होतं. सर्टिफिकेट आज चालू आहे का, एवढं ते बघतं. ते चालू होतं, कारण माणूस गेल्यावर ते बंद करायचं असतं हे घरात कुणाला माहीतच नव्हतं. आणि सहीची तारीख सॉफ्टवेअर उचलतं ती सही करणाऱ्या कॉम्प्युटरच्या घड्याळावरून. बाहेरच्या खात्रीच्या घड्याळाचा शिक्का घेता येतो, पण इथे तो घेतलेला नव्हता. दोन तारखांचा मेळ घालायचं काम त्या बिचाऱ्यावर कुणी सोपवलंच नव्हतं.

तेव्हा मार्च खोटा होता, एवढं नक्की. सही जूननंतर कधीतरी झाली होती. त्या काळात इंजिनियर हॉस्पिटलच्या खाटेवर होता आणि तिथून तो घरी आलाच नाही.

आधी गेले ते बिल्डरकडे. प्रशस्त ऑफिस, काचेचं टेबल, टेबलावर काहीही नाही. बिनकामाची टेबलं बघितली की मला उगीच संशय येतो. बिल्डर गोड बोलला.

"मॅडम, आमचं सगळं कागदोपत्री स्वच्छ आहे. इंजिनियर साहेबांच्या ऑफिसमधून मेल आली, त्यात दाखला होता. आम्ही तो नगरपालिकेत भरला. सही खरी की खोटी हे बघणं आमचं काम आहे का?"

"मेल कधी आली?"

"जुलैअखेर."

"दाखला मार्चचा, मेल जुलैची?"

"त्यांच्याकडे पडून राहिला असेल. आजारपण होतं ना घरात."

"तुम्ही मागितला नाहीत?"

इथे तो जरा दुखावला. मेहनती माणसाला आळशी म्हटलं की तो हमखास दुखावतो. "मागितला नाही? मॅडम, रहिवासी माझ्या उरावर बसले होते. मार्च, एप्रिल, मे, सगळे महिने मी त्या ऑफिसला फोन करत होतो. एकच उत्तर, साहेब सही देत नाहीत, साहेब सही देत..."

वाक्य अर्ध्यावरच राहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.

"एप्रिल-मेमध्ये साहेब सही देत नव्हते," मी म्हटलं, "आणि सही तर मार्चमध्येच झालेली होती. मग हे फोनवर उत्तर कोण देत होतं?"

बिल्डर उठून उभा राहिला. मीटिंग होती म्हणे. दारापर्यंत मला सोडायला आला, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "माझं नाव मध्ये आणू नका. जे विचारायचं ते त्यांच्या भावाला विचारा."

४

इंजिनियरचं ऑफिस म्हणजे एका गल्लीतल्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत नकाशे काढणारी बाई, आतल्या खोलीत धाकटा भाऊ. भाऊ बांधकामावर देखरेख करायचा. इंजिनियर नव्हता, त्यामुळे दाखल्यावर त्याची सही चालत नसे. डॉक्टरीण त्याला काका म्हणायची, म्हणून मीही मनात काकाच म्हणू लागले.

काका मऊ माणूस. मला बघताच खुर्ची पुसली, चहा सांगितला, भावाच्या आठवणीने डोळे टिपले. ते डोळे खोटे नव्हते. सह्यांच्या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर तेवढं कळतं.

"दादाच्या सहीचं मला काय विचारता बाई," तो म्हणाला. "ते टोकन कुठल्या बाजूने लावतात तेसुद्धा मला ठाऊक नाही. ते सगळं दादाच बघायचा."

मी बाहेरच्या खोलीत आले. नकाशेवाली बोलकी निघाली. तिच्या खुर्चीवर उशी, पायाखाली पाट, मॉनिटरवर तिच्या आईचा फोटो. मी सहज पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. तारीख मार्चची होती.

"तुमचं कॅलेंडर मागे आहे."

ती खळखळून हसली. "मागे नाही हो, आमच्याकडे मार्चच असतो! हे नकाशाचं सॉफ्टवेअर पंधरा दिवसांचं फुकट चाचणीचं आहे. पंधरवडा संपत आला की मी तारीख मागे नेते, की ते बापडं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. साहेब म्हणायचे, पुढच्या वर्षी विकत घेऊ. पुढचं वर्ष यायला आमच्यात मार्च संपायला हवा ना!"

"आणि सह्या? साहेब या मशीनवर सही करायचे?"

"कधीच नाही. सक्त ताकीद होती. म्हणायचे, तुझ्या मशीनला लाज नाही, सही माझ्या लॅपटॉपवरच व्हायची."

मी तिच्या परवानगीने मशीन चाचपलं. तारीख खोटी असली तरी घड्याळ बरोबर होतं, भिंतीवरच्या घड्याळाशी मिनिटाला मिनिट जुळत होतं. ती फक्त दिवस मागे नेई, तास नाही. मग एका कोपऱ्यात टोकन चालवायचं सॉफ्टवेअर सापडलं.

"हे इथे कधी टाकलंत?"

ती पुढे वाकली. हसू मावळलं. "हे? हे मी नाही टाकलेलं. शपथेवर सांगते."

"दुपारी दीडला तुम्ही कुठे असता?"

"घरी. आईला भरवायला जाते, अंथरुणाला खिळली आहे ती. एक ते दोन मी नसतेच. रोज."

"तेव्हा इथे कोण असतं?"

तिने खुर्चीवरची उशी सारखी केली. आतल्या खोलीच्या दाराकडे बघायचंही तिने टाळलं, आणि तेच पुरेसं होतं. काका दारात येऊन उभा होता. किती वेळ, कोण जाणे.

डॉक्टरणीने माझ्याकडे ठेवायला दिलेलं इंजिनियरचं टोकन मी पर्समधून काढलं. ते तिच्या मशीनवर चालतंय का एवढंच मला पाहायचं होतं. मी ते लावायला वाकले.

"ते नका लावू, उपयोग नाही," काका पटकन म्हणाला. "जूनमध्येच संपलंय ते."

५

मी टोकन परत पर्समध्ये टाकलं.

"बसा," मी म्हटलं. आपल्याच ऑफिसात तो परक्यासारखा बसला. नकाशेवाली पर्स उचलून बाहेर गेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"टोकन कुठल्या बाजूने लावतात ते तुम्हाला माहीत नाही, पण त्याची मुदत कधी संपली ते माहीत आहे. ती मुदत टोकनच्या पोटात असते, वर लिहिलेली नसते. ज्याने नवं सर्टिफिकेट मागवलं त्याला ती कळणार. नवं टोकन या पत्त्यावर आलं असणार, कारण हॉस्पिटलमध्ये ते कधी पोचलं नाही, डॉक्टरणीने ते पाहिलेलं नाही. सही झाली ती जूननंतर, पण अशा मशीनवर जिथे अजून मार्च आहे. असं मशीन मी जन्मात एकच पाहिलंय. तारीख खोटी, पण वेळ खरी, दुपारी दीडची. तेव्हा बाई घरी आईला भरवत होत्या. बिल्डरला तुमच्या ऑफिसची किल्ली मिळत नाही. राहिलं कोण?"

मला वाटलं होतं तो कानांवर हात ठेवेल. त्याने तोंड झाकून घेतलं.

"दादाच्या सहीवर आमचं सगळं चालायचं," तो म्हणाला. "तो पडला आणि फोन यायचे बंद झाले. बिल्डर म्हणाला, हा एक दाखला द्या, पुढची कामं तुमची. मी कुठून देणार? दादा तर डोळेसुद्धा नीट उघडत नव्हता. मग तो गेला. दिवसकार्य उरकलं आणि मी ऑफिसातला त्याचा खण उघडला. टोकन तसंच पडलं होतं, कुरिअरच्या पाकिटात. पिन मलाच ठरवायचा होता. बाई, मी स्वतःला सांगितलं, दादा जरा जास्तच भित्रा आहे. इतक्या इमारती उभ्या आहेत, हीपण राहील."

"नाही राहिली."

"नाही राहिली," तो म्हणाला, आणि हुंदका आवरायचा त्याने प्रयत्नही केला नाही. मला त्याची चीड यायला हवी होती. येत होतीही. पण त्याच्या भावाचा चेहरा मी फोटोत पाहिला होता आणि रडताना हा हुबेहूब तसाच दिसत होता.

"हे समितीपुढे सांगाल?"

त्याने मान वर केली. डोळे अजून ओले होते, पण आवाज बदलला होता. "नाही. मला दोन मुली आहेत. मी सांगेन, दादानेच नवं सर्टिफिकेट घेतलं, समजून-उमजून, आणि मला म्हणाला, माझ्या वतीने वापर. सर्टिफिकेट काही मी चोरलेलं नाही. एजन्सी व्हिडिओ घेते, माणूस स्वतः हो म्हटल्याशिवाय देत नाही. दादा हो म्हणालाय. रेकॉर्डिंग आहे."

"झटका आलेल्या माणसाने व्हिडिओ कसा केला?"

काकाने चहाचा कप बाजूला सारला. मला वाटतं, हे त्यालाही बोलवत नव्हतं.

"फोन कुणी धरला होता, ते आमच्या डॉक्टरणीला विचारा."

६

ती दवाखान्यात एका कुत्र्याच्या पायाला बँडेज बांधत होती. कुत्र्याचा मालक जाईपर्यंत मी थांबले. मग सांगितलं. मशीनचं सांगितलं, काकाचं सांगितलं. ती ऐकत होती आणि हात धूत होती. फोनचं सांगितलं तेव्हा नळ तसाच चालू राहिला.

"काकांनी लिंक पाठवली होती," ती म्हणाली. "म्हणाले, दादाचं काहीतरी नूतनीकरण आहे, न केलं तर लोकांची कामं अडतील. एक मिनिटाचं काम आहे, त्याच्यासमोर फोन धर. मला वाटलं, परवाना वगैरे असेल. ताई, मी तेव्हा रात्रंदिवस तिथे होते. एवढे कागद पुढे यायचे. मी वाचतसुद्धा नव्हते."

"बाबा तेव्हा बोलत होते?"

"एखादा शब्द."

"काय म्हणाले?"

तिने नळ बंद केला. "आठवत नाही," ती म्हणाली. ती खोटं बोलत होती, आणि तिला ते येत नव्हतं.

माझ्या अर्जावरून समितीने हुकूम काढला आणि एजन्सीने रेकॉर्डिंगची एकच डिस्क माझ्याकडे दिली, ती पुढे मांडायची की नाही ते आमच्यावर होतं. सुनावणीच्या आदल्या दिवशी मला ती तपासायला मिळाली. मी तिला म्हटलं, तू बघायलाच हवंस असं नाही. ती आली. माझ्याच खोलीत, माझ्याच टेबलावर आम्ही ते पाहिलं.

पडद्यावर उशी आणि उशीवर तिचे वडील. तोंड एका बाजूला ओढलेलं. एजन्सीची मुलगी पाठ केलेले प्रश्न विचारत होती. आपलं नाव हेच ना? त्यांनी मान हलवली. आपल्या नावाने डिजिटल सहीचं नवीन सर्टिफिकेट घ्यायला आपली संमती आहे का? कृपया हो म्हणा.

"नको," ते म्हणाले.

शब्द जड होता, पण स्वच्छ होता. एजन्सीच्या मुलीने प्रश्न पुन्हा वाचला. त्यांनी डोळे मोठे केले, कॅमेऱ्याच्या वर, फोन धरणाऱ्याकडे पाहिलं.

"नको."

मग फोनमागून आवाज आला. दमलेला, कंटाळलेला, लाडीगोडी लावणारा. "बाबा, असं काय करताय? एकदाच म्हणा ना. काका खोळंबलेत. माझ्यासाठी म्हणा."

बराच वेळ ते नुसते बघत राहिले. कोणाकडे ते पडद्यावर दिसत नव्हतं, पण आम्हाला दोघींना माहीत होतं.

"हो," ते म्हणाले.

मी लॅपटॉप मिटला. सगळं कोडं सुटलं होतं आणि सुटून कुणाचं भलं होत होतं? ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"त्यांना कळलं होतं," ती म्हणाली. "काकाला ते कशाला हवंय, ते त्यांना तेव्हाच कळलं होतं. मला वाटलं, आजारी माणूस हट्ट करतोय. मी दिवसभर जनावरांना औषध पाजते ना ताई, तसंच पाजलं त्यांना."

मी जे सांगायला हवं होतं ते सांगितलं, सांगणं माझं काम होतं म्हणून. "हे बघ. हे रेकॉर्डिंग आपण दाखवलं नाही, तर तुझ्या काकाचं म्हणणं राहतं, की तुझ्या बाबांनी खुशीने सर्टिफिकेट घेतलं आणि वापरायला दिलं. मग तेही दोषी. दाखवलं, तर त्यांचं नकोही ऐकू येईल आणि तुझा आवाजही. नकार देणाऱ्या आजारी माणसाकडून संमती वदवून घेतली, असं होईल ते. तू वकील बघ. उद्या तारीख पुढे मागून घेऊ."

"तारीख मागितली तर काय बदलेल?"

तिने पर्स उचलली, दारापाशी जाऊन थांबली. "माझा आवाज ओळखू येतो का हो त्यात?"

"येतो," मी म्हटलं.

७

समितीची खोली लांबट होती, खिडक्या बंद, मधे टेबल. एका बाजूला अध्यक्ष आणि दोन सभासद, कोपऱ्यात टाइप करणारा कारकून. बिल्डर वकिलाला घेऊन आला होता. मागच्या रांगेत एक माणूस एकटा बसला होता. त्याची बायको आणि वडील त्या जिन्याखाली गेले होते. त्याने कुणाकडेही पाहिलं नाही.

काकाने ठरल्याप्रमाणे सांगितलं. दादाने समजून-उमजून घेतलं, मला वापरायला दिलं. पुतणीकडे न बघता त्याने ते सांगितलं आणि बसताना खुर्चीचा हात घट्ट धरला.

मी माझं काम केलं. जूनचं सर्टिफिकेट, मार्चची सही, कायम मार्चमध्ये राहणारं मशीन, दुपारी दीडची वेळ. नकाशेवालीने खाली मान घालून तेच सांगितलं. सभासदांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सैल झाल्या. सही इंजिनियरच्या हातची नाही, इथपर्यंत ते आले. अध्यक्ष म्हणाले, "ठीक. पण आपली किल्ली त्यांनी दुसऱ्याच्या हाती स्वतःहून दिली का, हा प्रश्न उरतो."

"त्याचं रेकॉर्डिंग आहे," मी म्हटलं आणि डॉक्टरणीकडे पाहिलं. अजूनही मी थांबले असते. तिने नुसती मान हलवली.

रेकॉर्डिंग भिंतीवर मोठं दिसलं. एवढं मोठं ते मीही पाहिलं नव्हतं. नको. पुन्हा नको. मग तो फोनमागचा आवाज, आणि मग हो. कारकुनाचे हात टाइप करता करता थांबले.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "हा मागचा आवाज कुणाचा?"

एजन्सीकडे फक्त चेहऱ्याची नोंद असते. फोन धरणाऱ्याची नसते. आणि आजारी माणसाला बाबा तर नर्सही म्हणते. आवाजावरून नाव सांगू शकणारी माणसं त्या खोलीत तीनच होती. काका टेबलाकडे बघत होता. तो बोलला नसता, मला खात्री आहे. एवढं एक तो तिच्यासाठी करणार होता. मीही बोलले नसते.

ती उभी राहिली. "माझा."

"आपण?"

"मी त्यांची मुलगी. फोन मी धरला होता."

"त्यांनी दोनदा नको म्हटलं, ते आपल्याला ऐकू आलं होतं?"

"आलं होतं."

"तरीही आपण..."

"तरीही मी त्यांना हो म्हणायला लावलं. ते माझ्यासाठी म्हणाले. त्यांची संमती नव्हती. असं लिहून घ्या, प्लीज. त्यांची संमती नव्हती."

कारकुनाने लिहून घेतलं. मागच्या रांगेतला माणूस पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे बघत होता. त्या बघण्यात राग होता की काय होतं, मला वाचता आलं नाही. अध्यक्षांनी सभासदांशी कुजबुज केली. मग त्यांनी सांगितलं की इंजिनियरचं नाव जबाबदारांतून वगळलं जात आहे. आणि त्याच आवाजात, त्याच संथपणे, पुढे सांगितलं की त्यांचा भाऊ आणि मुलगी या दोघांवरची पुढली कारवाई संबंधितांकडे सोपवली जाईल. बिल्डरचा वकील कागद गोळा करू लागला होता.

"आपल्याला आणखी काही सांगायचं आहे?" अध्यक्षांनी तिला विचारलं.

"सांगायचं नाही," ती म्हणाली. "ते रेकॉर्डिंग एकदा पुन्हा लावाल का? पूर्ण नको. ते दोनदा नको म्हणतात ना, तिथपर्यंतच. आजारपणात आम्ही काही रेकॉर्ड केलं नाही. त्यांचा शेवटचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठेच नाहीये."

अध्यक्षांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाने लॅपटॉपमधून डिस्क काढून पाकिटात घातली होती आणि पाकिटावर लाख लावली होती.

"ते आता पुराव्यात जमा झालंय, बाई," अध्यक्ष म्हणाले. त्यांनाही ते सांगणं अवघड गेलं असावं, कारण त्यांनी लगेच पुढच्या प्रकरणाचं नाव पुकारलं.